बांधावरची आई

चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ आईच्या अलीकडून गेली होती, म्हणजे आई पलीकडे गेली. रतनबाईनं हे सकाळी सात वाजता पाहिलं. कांद्याच्या रोपाची पाटी डोक्यावर घेऊन ती बांधावरून येत होती. रेघेवर पाय पडू नये म्हणून तिनं लांब टांग टाकली आणि मग स्वतःवरच चिडली. आपल्याच बांधावर आपण कुणाला भ्यायचं?

पलीकडचं रान चुलतदीर दादासाहेबाचं. गेल्या वर्षी त्यानं ते गोडाऊनवाल्याला देऊन टाकलं. काळ्या रानावर मुरूम पडला, रोलर फिरला, आणि दादासाहेब डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून आपल्याच विकलेल्या रानात मुकादमासारखा हिंडू लागला. आता भिंत यायची होती. भिंतीसाठी त्यानं मधला सगळा बांधच आपल्यात धरला होता. विहिरीकडं जायची वाट त्याच बांधावरून होती आणि बांधाच्या टोकाला बाभळीखाली आई होती.

आई म्हणजे कमरेएवढा उभा दगड. समोरून दगड असा दिसायचाच नाही, शेंदराचा नुसता गोळा. वर दोन चांदीचे डोळे. रतनबाई लग्न होऊन आली ती पहिल्यांदा या आईच्या पाया पडून मग उंबऱ्यात आली होती. दोन पोरी पाळण्यातच गेल्या तेव्हा तिनं इथंच नवस केला. माऊली झाला, जगला, तेव्हा आळंदीच्या बाजारातून बोटभर पितळी पाळणा आणून तिनं शेंदरात दाबून बसवला. त्यानंतर दर मंगळवारी तेल आणि दर अवसेला शेंदूर, अडतीस वर्षं. अंगात ताप असताना गेली, सासरा मेला तो आठवडा सोडून एकदाही चुकली नाही.

वाफ्यात सुप्रिया, तिची सून, आधीच पाण्यात उतरली होती. वीज दुपारपर्यंतच होती. लागणीला बाया मिळत नव्हत्या, सगळ्या कंपन्यांच्या कॅन्टीनला नाहीतर पॅकिंगला. सासूसुनाच दोघी उकिडव्या बसून अंगठ्यानं रोप दाबत पुढं सरकत होत्या.

"आत्या, आई तिकडं गेली का वो?" सुप्रियानं विचारलं.

"आई कुटं जाती. रेघ गेली हिकडं."

तिचा नवरा तात्याबा दुपारी भाकरी खायला आला तेव्हा त्यानं रेघ पाहिली, पायानं पुसली, आणि दादासाहेबाला हाक मारली. दोन वर्षांत दोघांत बोलणं नव्हतं. बोलणं झालं ते एवढंच.

"दादासाहेब, आय मधी घेतलीस?"

"तात्या, मोजणी आनली तर आनखी दोन हात अलीकडं जाईल. आईला काय, गोडाऊनच्या गेटवर बशीवतो. चांगली फरशी बिरशी लावून."

तात्याबा भाकरी न खाता परत गेला. तहसिलात त्याचं कुणी नव्हतं. वकील गाठायची ऐपत नव्हती आणि ताकदही नव्हती. संध्याकाळी माऊली पहिली शिफ्ट करून आला, तेव्हा युक्ती त्यानंच काढली. माऊली सहा वर्षं एका कंपनीत कंत्राटावर होता. त्याच्या लाइनवरचा इंजिनिअर समर्थ हा दर रविवारी निगडीची मंडळी घेऊन जुने किल्ले, बारवा, पडकी देवळं बघत फिरायचा.

"त्यांनी एकदा लिव्हून दिलं ना, की हे जुनं हाय, यादवांच्या टायमाचं हाय, तर कलेक्टरचा बाप बी हलवू शकत न्हाई. आईच आपला बांध राखील."

तात्याबाला ते पटलं. रतनबाईलाही पटलं, हे इथं सांगून टाकलेलं बरं. मागाहून ती पुष्कळ म्हणाली की मला काय कळत होतं. पण त्या रात्री जेवताना तिला घास गोड लागला होता.

रविवारी मंडळी आली. दोन गाड्या भरून. टोप्या, पाठीला पिशव्या, मऊ केसांचे ब्रश. समर्थ उत्साही, सारखा हसणारा. त्यांच्यात विजयश्री नावाची एक मास्तरीण होती, ती जुने लेख वाचायला शिकलेली. रतनबाईनं पोहे केले, सुप्रियानं चहा नेला. माणसं दगडाभोवती उकिडवी बसली, मागून हात फिरवला, एकमेकांकडं पाहिलं.

"काका, मागची घडण जुनी आहे," समर्थ म्हणाला. "सात-आठशे वर्षं सहज. वीरगळ असेल, लढाईत पडलेल्या वीराचा दगड. पण शेंदराचं कवच काढल्याशिवाय काहीच सांगता येत नाही."

"काडा की मग," तात्याबा म्हणाला.

रतनबाई पुढं झाली. "आईच्या अंगावरचं काडायचं तर आईला इचारा आदी. कौल लावा."

हे रास्त होतं. कुणाला नाही म्हणता येईना. कौल लावायचा म्हणजे झेंडूच्या दोन पाकळ्या आईच्या दोन खांद्यांना पाण्यानं चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. तात्याबानं पागोटं सारखं केलं, तांब्यात बोटं बुडवली. उजवी पाकळी त्यानं नुसत्या पाण्यावर टेकवली. डावी मात्र अंगठ्यानं दाबून अवसेच्या ओल्या शेंदरात रुतवली. मंडळी मोबाइल धरून आईच्या डोळ्यांकडं बघत होती. तात्याबाचा अंगठा फक्त रतनबाईनं पाहिला.

ती बोलली नाही. बांध तिलाही हवा होता.

उजवी पाकळी गळली. दादासाहेब बांधाच्या पलीकडं हेल्मेट घालून उभा होता, त्यानंही हात जोडले.

गरम पाणी सुप्रियानं चुलीवरून आणून द्यायचं आणि मंडळींनी लाकडी चिपांनी कवच सोडवायचं, असं दुपारपर्यंत चाललं. चार बोटं जाडीचा शेंदूर. कांद्याच्या पापुद्र्यासारखे त्याचे थर निघत होते, वरचे नारंगी, आतले काळपट. रतनबाई पदर धरून बसली होती आणि आपली वर्षं पदरात घेत होती. एका ढलपीत पितळी पाळणा निघाला. तिनं तो पुसून पोलक्यात ठेवला. त्याच्याही आत दुसऱ्या कुणाकुणाच्या बांगड्यांचे तुकडे होते, काळ्या पोतीचे मणी होते. ते कुणाचे हे सांगायला कुणी नव्हतं.

आधी चंद्र आणि सूर्य निघाले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग अक्षरांच्या ओळी निघाल्या. विजयश्री गुडघ्यावर बसून बोटानं अक्षरं लावू लागली. समर्थ खालचा भाग धुवत होता. मध्येच त्याचा हात थांबला, मग तो आणखी जोरात चालू लागला.

"अरे, गद्धेगाळ!" तो ओरडला. "पूर्ण शाबूत! काका, तुम्हाला माहीत नाही काय सापडलंय ते!"

खाली आडवी बाई होती. वर गाढव. जे होतं ते असं ठसठशीत कोरलेलं होतं की समजावून सांगायची गरज पडली नाही. गावातली माणसं एव्हाना जमली होती. मागं कुणीतरी फुसकन हसला आणि मग सगळेच. मोबाइल वर झाले. विजयश्री तेवढी खाली मान घालून अक्षरांकडं बघत राहिली.

दादासाहेबानं हेल्मेट काढून काखेत धरलं. "वैनी," तो म्हणाला, "अडतीस वर्सं तेल कुनाला घातलं वो? वरच्याला का खालचीला?"

रतनबाईच्या हातात चंद्रसूर्य निघाले तेव्हा ओवाळायला आणलेलं आरतीचं ताट होतं. ते घेऊन ती तशीच उभी राहिली आणि त्याच क्षणी तिचा फोटो निघाला. दगड, गाढव आणि बाजूला निरांजन घेतलेली बाई. ताट कुठं ठेवावं ते तिला कळेना. ठेवायची जागा तर समोरच होती.

"पोरी," ती विजयश्रीला म्हणाली, "काय लिव्हलंय ते वाच."

"आजी, जमिनीचं दान दिलंय. मठाला. ही भूमी जो कोणी हिरावून घेईल..." ती थांबली. "शाप आहे तो."

"वाच म्हनते ना."

"त्याच्या आईला हे. हे खाली जे कोरलंय ते."

"जमीन कुनी घ्याची?"

"जो बळकावील तो."

"आन् गाढव कुनाला?"

"त्याच्या आईला."

"का?"

विजयश्रीनं समर्थकडं पाहिलं. "तेव्हाची पद्धत होती आजी. लोकांना धाक बसावा म्हणून."

रतनबाई आणखी काही विचारणार होती. पण तेवढ्यात तात्याबाच्या डोक्यात प्रकाश पडला. दगड वाया गेला नव्हता, दगडानं तर त्याच्या हातात हत्यारच दिलं होतं. तो बांधावर चढला.

"ऐकलंस का रं दादासाहेब! जमीन बळकावनाराच्या आयला गाढव! लिव्हलेलं हाय! रेघ मारतोस काय? जा, इचार तुज्या आयला!"

"मठाची जमीन म्हनली ती बाई, तुमची न्हाई!" दादासाहेब पलीकडून. "तुमी बी बळकावलीच की! तुमच्या आयला आदी, मग आमच्या!"

"तुज्या आयला!"

"तुमच्या आयला!"

तात्याबाची आई मरून वीस वर्षं झाली होती. दादासाहेबाची आई गोजाबाई मात्र जिवंत होती. समोरच्या स्लॅबच्या बंगल्यात मागच्या खोलीत ती पडून असे, आणि तिची खिडकी बांधाकडं उघडी होती. मंडळी घाईघाईनं सामान आवरू लागली. समर्थ जाताना म्हणाला, पुरातत्त्व खात्याला पत्र लिहितो, वेळ लागेल, पण दगडाला हात लावू देऊ नका, अमूल्य ठेवा आहे. पोह्याच्या बश्या बांधावर तशाच राहिल्या.

सोमवारी माऊली कंपनीतून आला तो डबा आपटूनच. फोटो त्याच्याआधी कॅन्टीनमध्ये पोचला होता. लाइनवर कुणी त्याला नावानं हाक मारली नव्हती.

"आये, तू नवस कुनाला केलावतास?" त्यानं विचारलं. सुप्रिया चुलीपाशी होती, तात्याबा ओट्यावर होता, दोघांनी ऐकलं. "मी कुनाच्या नवसाचा हाय? सांग की. समदी कंपनी इचारती."

रतनबाईनं त्याला वाढलं. तो जेवला नाही. "परत त्या दगडापाशी दिसलीस तर बग," म्हणाला.

मंगळवार होता दुसऱ्या दिवशी. तेलाची वाटी तिनं सवयीनं भरली आणि मग कोनाड्यात ठेवून दिली. वाफ्यात बसली. पाण्यानं तळपाय पांढरे पडले होते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या होत्या. रोप दाबताना समोर बांध दिसायचा. बाभळीखाली ती उघडी पडून होती. येणारे जाणारे ट्रकवाले उतरून बघून जात. एकानं गाढवाच्या तोंडात बिडी ठेवली होती.

बुधवारी तात्याबा आणि दादासाहेब गोडाऊनच्या पत्र्याच्या ऑफिसात एकत्र बसलेले सुप्रियानं पाहिले. चहा आला होता. संध्याकाळी तात्याबानं घरात सांगितलं, तेही जमिनीकडं बघत.

"असला दगड गावात आसनं चांगलं न्हाई. दादासाहेब बी तेच म्हनतो. भिंत सरळ जाऊ द्यायची. इहिरीला जायला ते गेट ठिवत्यात. माऊलीला गोडाऊनात घेत्यात, पर्मनंट, सुपरवायझर. उद्या सकाळी जेसीबी लावून दगड भिंतीच्या पायात टाकायचा."

"पत्राचं काय?" रतनबाईनं विचारलं.

"कसलं पत्र?"

"आन् मला इचारलं का?"

"तुला काय इचारायचं? देवी आसती तर इचारलं आसतं."

ती उठली आणि पदर घेऊन सरळ बंगल्यात गेली. गोजाबाई खाटेवर कुशीला वळून पडली होती. अंगात काही उरलं नव्हतं, डोळे तेवढे होते.

"कोन, रतन? ये. तुज्या नवऱ्यानं माज्यावर गाढव सोडलं म्हनं."

"आत्याबाई, लाज वाटती मला."

"तुला कशाला? मला बी न्हाई वाटत. ह्या वयात काय करनार गाढव बी." म्हातारी हसली, मग खोकली. "मला ठावं व्हतं, रतन."

"काय?"

"आत काय हाय ते. माज्या सासूनं सांगितल्यालं. पयलं ती उघडीच व्हती बांधाला. बाप्ये येता जाता दगडं हानायचे. बांधाचं भांडान लागलं की तिच्याकडं बोट करून एकमेकाच्या आया काडायचे, परवासारकंच. रोज बायांनी त्येच ऐकत पानी वाहायचं. मग सासूची सासू बाळंतपनातनं उटली, आन् सव्वा महिन्यानं इहिरीव जायच्या आदी पाटंचं जाऊन तिनं तिला पार शेंदरानं लिंपून काडली. गावाला सांगितलं, सपनात आई आली. मला झाका म्हनली."

"आली व्हती?"

"कुटली येती! खोटंच. पर बाप्ये लगी पाया पडले. मग दर अवसेला कुनीतरी थापत ऱ्हायलं. बायांनीच. बाप्याचा हात तिला कदी लागला न्हाई."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं आसतं तर नवस केला आसतास का?"

रतनबाईला रडू आलं ते तिथं. रविवारी आलं नव्हतं. पोलक्यातला पाळणा तिनं मुठीत घट्ट धरला. अडतीस वर्षांपूर्वी आपल्याला जिनं पोर दिलं ती देवी नव्हती, कुणीतरी रोज बेअब्रू होणारी बाई होती, आणि तिला झाकायचं काम आपण न कळत केलं होतं. आणि कळत उघडं केलं होतं तेही आपणच. डावी पाकळी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

गुरुवारी उजाडताच ती बांधावर गेली. दुकानातला होता नव्हता तेवढा शेंदूर तिनं आदल्या संध्याकाळी आणला होता. करडईच्या तेलात तो कालवला आणि हातानंच थापायला लागली. आधी गाढव. मग बाई, पायापासून वर. चेहरा घासून गुळगुळीत झाला होता, नाकडोळे काही नव्हते, तरी तिनं तो अलगद लिंपला. अक्षरं झाकली. चंद्रसूर्य ठेवले. छातीशी पाळणा दाबून बसवला. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले.

आठ वाजता जेसीबी आलं. मागून दादासाहेब, तात्याबा, आणि पहिली शिफ्ट बुडवून माऊली. ऑपरेटर लातूरकडचा होता, पंचविशीचा. त्यानं दगड पाहिला आणि इंजिन बंद केलं. खाली उतरला, चपला काढल्या, हात जोडले.

"देवाला बकेट लावत नसतो मी, दादा. ताजा शेंदूर हाय."

"देव न्हाई तो!" दादासाहेब ओरडला.

"सपनात आली व्हती माज्या," रतनबाई म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "राती. मला झाका म्हनली. हालवू नका म्हनली."

तात्याबाचा हात नकळत पागोट्याकडं गेला. ऑपरेटरनं पुन्हा हात जोडले. तिला वाटलं, लागू पडलं. शंभर वर्षांमागं लागलं होतं तसंच आताही लागलं.

मग माऊली पुढं झाला. त्यानं खिशातून मोबाइल काढला, बोट फिरवलं आणि ऑपरेटरच्या पुढं धरला.

"हे बग भावा. हा हाय तुजा देव."

ऑपरेटरनं पाहिलं. फोटो मोठा करून पाहिला. फोटोत निरांजन घेऊन उभी असलेली बाई दिसली तसं त्यानं एकवार रतनबाईकडं पाहिलं, आणि मग त्याला हसू आवरलं नाही. त्यानं चपला पायात घातल्या.

दगड एका धक्क्यात निघाला. जेवढा वर होता तेवढाच खाली होता. पायाच्या चरीत तो तोंडावर पडला, म्हणजे निदान पुन्हा उघडी तरी पडली नाही. वरून दगडगोटे, मग काँक्रीट. दहापर्यंत सगळं आटोपलं. तात्याबानं बांधावरून हाक मारली, "अगं, च्या ठिव समद्यांना." रतनबाई वाफ्याकडं गेली. रोप उपटून ठेवलेलं होतं, दुपारी वीज जायच्या आत लावलं नसतं तर सुकलं असतं.

सुप्रियानं घरी जाऊन चहा ठेवला.

पुढच्या रविवारी समर्थची मंडळी पुन्हा आली. या खेपेला चार गाड्या होत्या, बातमी पसरली होती. सगळी गेटपाशी उभी राहून नव्या भिंतीकडं बघत राहिली. समर्थ माऊलीला काहीतरी जोरात विचारत होता आणि माऊली, अंगात गोडाऊनचा निळा शर्ट, खांदे उडवत होता. विजयश्री एकटीच बांधाच्या उरल्या तुकड्यावरून वाफ्यापर्यंत आली. बूट चिखलात रुतले तरी थांबली नाही.

"आजी, कुठे आहे ती?"

रतनबाईनं मान वर केली. ही पहिली, जिनं तो दगड म्हटलं नाही.

"पुरली."

"कुणी?"

"समद्यांनी." तिच्या नखांच्या कडांना अजून शेंदूर होता, चिखलानं तो गेला नव्हता. "तू अक्षरं वाचलीस. तुज्या मंडळींनी धुतली. माज्या पोरानं दावली. आन् पाकळी कुटली रुतवली ते मी बगितलं व्हतं, तरी बोलले न्हाई."

विजयश्रीला पाकळीचं कळलं नाही. नीट ऐकायला ती आणखी एक पाऊल पुढं आली.

"सर जरा," रतनबाई म्हणाली. "रोपावर पाय पडतोय तुजा."